आमचा संगणक काळा पडला तेव्हा

आमची शाळा जिल्हा परिषदेची आहे. इमारत कौलारू आहे. पुढे कडुनिंबाचे मोठे झाड आहे. शाळेत पहिली ते चौथीचे वर्ग आहेत. शिकवायला एक गुरुजी व एक बाई आहेत. आमच्या वर्गात एक संगणक आहे. तो गावाने लोकवर्गणी काढून घेतला. माझ्या आजीने शेवग्याच्या शेंगा विकून आलेले 50 रुपये त्यात दिले होते. म्हणून आजी त्याला "माझा संगणक" म्हणते.

आम्ही पहिलीत असताना जे धडे वाचले, ते आमच्याच आवाजात गुरुजींनी त्यात साठवून ठेवले आहेत. आम्ही चौथी पास होऊन निघालो की ते सगळ्यांना ऐकवणार आहेत.

यंदाच्या बालमंत्रिमंडळात मी संगणकमंत्री आहे. संगणक पुसणे, त्यावर कापड घालणे, बोर्डाचे बटण बंद करणे ही माझी कामे आहेत.

एका शनिवारी सकाळची शाळा सुटली. गुरुजींना मीटिंगला जायचे होते. ते म्हणाले, "मी संगणक बंद करायला लावलाय. पूर्ण बंद झाला की बोर्डाचं बटण बंद कर आणि चावी बाईंकडे दे." मी थांबले. पण तो बंदच होईना. पडद्यावर ठिपके गोल गोल फिरत होते आणि 30 टक्के असा आकडा होता. खाली इंग्रजीत ओळ होती. तिकडे आई बाजाराला जायला थांबली होती. मी ओळ वाचली. मला 'टर्न ऑफ' एवढे वाचता आले. मला वाटलं, तोच सांगतोय बंद कर म्हणून. मी सीपीयूचे बटण दाबून धरले. तो बंद झाला. मी चावी देऊन पळत घरी गेले.

सोमवारी परिपाठ झाला. गुरुजींनी संगणक लावला. पासवर्ड घातला. आणि मग पडदा काळा झाला तो काळाच! फक्त पांढरा बाण तेवढा हलत होता. तीनदा बंद करून लावला, पण तसेच.

आमच्या वर्गात एक मुलगा आहे. त्याने नाव लिहू नको असे सांगितले आहे, म्हणून लिहीत नाही. शुक्रवारी तो उगीच बटणे दाबत होता, हे सगळ्यांनी पाहिले होते. मुले म्हणाली, "गुरुजी, यानंच बिघडवला." तो म्हणाला, "मी नाही." कोणी ऐकले नाही. गुरुजी मारत नाहीत. ते एवढेच म्हणाले, "आजपासून तू संगणकाला हात लावायचा नाही." तो मधल्या सुट्टीत खिचडी न खाता झाडाखाली बसला. मी सगळे बघत होते. पण माझे तोंड उघडले नाही.

मंगळवारी गुरुजींनी तालुक्याच्या दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, फॉरमॅट मारावा लागेल. गुरुजींनी आम्हाला सांगितले की फॉरमॅट मारला म्हणजे आतले सगळे पुसले जाते. म्हणजे आमचे धडेसुद्धा! मला त्या रात्री जेवण गेले नाही.

मी आजीला विचारले, "आजी, चूक झाली की काय करायचं गं?" आजी म्हणाली, "पायात काटा मोडला तर कुठं मोडला ते दाखवावं लागतं बाई. तोंड मिटून बसलं तर काढणार कोण?"

माझ्या आत्याचा मुलगा तालुक्याला आय. टी. आय. मध्ये संगणकाचे शिक्षण घेतो. बुधवारी मी गुरुजींना म्हटलं, "आमच्या दादाला विचारू या का?" गुरुजींनी फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला.

दादा म्हणाला, "गुरुजी, बाण दिसतो ना? आणि पासवर्ड घालेपर्यंत सगळं दिसतं ना? मग पडदा आणि वायर चांगली आहे. आधी प्रोजेक्टरची वायर काढा. कधी कधी चित्र तिकडंच जातं." वायर काढली, काही नाही. मग त्याने विंडोजचे बटण आणि पी दाबायला सांगितले. काही नाही. मग विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकदम. पडदा लुकलुकला, टुक् असा आवाज आला, पण काळाच राहिला.

मग दादा म्हणाला, "कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबा." आणि काय गंमत! काळ्या पडद्यावर एक चौकट आली. तिला टास्क मॅनेजर म्हणतात. त्यात 'रन न्यू टास्क' निवडून गुरुजींनी 'एक्सप्लोरर' असे इंग्रजीत लिहिले आणि एंटर दाबले. लगेच सगळी चित्रे आणि खालची पट्टी आली! आम्ही टाळ्या वाजवल्या. दादा म्हणाला, "जत्रेत पडदा वर गेला, पेटी-तबला लागला, पण सोंगं बाहेर आलीच नाहीत, तसं झालं होतं. एक्सप्लोरर हा ती सोंगं बाहेर आणणारा."

मला वाटले, सुटलो बाई! पण संगणक पुन्हा लावला तर पुन्हा काळा. दादा म्हणाला, "मग मूळ दुखणं आतच आहे. बिघडायच्या आधी काय झालं होतं, ते नीट सांगा."

सगळे त्या मुलाकडे बघू लागले. त्याने मान खाली घातली. मग मात्र मला राहवले नाही. मी उभी राहिले. माझे पाय थरथरत होते. मी म्हटलं, "गुरुजी, मी बंद केला. ठिपके फिरत होते तेव्हाच बटण दाबून धरलं." आणि मला रडू आले.

दादा फोनवर म्हणाला, "हां, आता कळलं! अपडेट चालू असताना बंद झाला. काही फायली अर्धवट राहिल्या असतील." मग त्याने टास्क मॅनेजरमधूनच काळी खिडकी उघडून एक हुकूम लिहायला सांगितला. त्याने संगणक आपल्या फायली स्वतः तपासतो आणि मोडलेल्या दुरुस्त करतो. टक्के 1 पासून 100 पर्यंत हळूहळू गेले. आमचा गणिताचा तास संपला. संगणक परत लावला, आणि पडदा उजळला! काहीही पुसले गेले नाही. आमचे धडे आहेत.

गुरुजी त्या मुलाला सगळ्यांसमोर म्हणाले, "माझं चुकलं रे बाळा." मीही त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "असू दे." नंतर गुरुजींनी फळ्यावर ती इंग्रजी ओळ लिहिली, 'डोन्ट टर्न ऑफ'. डोन्ट म्हणजे नको. आता हा शब्द आमचा वर्ग जन्मात विसरणार नाही.

मी म्हटलं, माझं मंत्रिपद काढा. गुरुजी म्हणाले, "नाही. पण त्याला तुझ्या जोडीला उपमंत्री कर." दाबायच्या बटणांचा पुठ्ठा त्यानेच लिहून संगणकाजवळ लावला आहे. पालकांनो, तुमच्या घरी संगणक असेल तर तो जरूर उतरवून घ्या.

रोज संध्याकाळी आजी विचारते, "माझा संगणक बरा आहे का गं?" मी म्हणते, "बरा आहे." आता ते सांगताना मला खाली बघावे लागत नाही.

— संगणकमंत्री, इयत्ता चौथी