भोंगा होता तेव्हा

आमच्या लहानपणी नागपुरात वेळ कानांवर पडायची. १८७७ सालच्या एम्प्रेस मिलचा भोंगा झाला की महाल भागातल्या आमच्या वाड्यात आंघोळीची घाई उडे. तुळशीपाशी दिवा लागला की आजीची हाक येई. मधल्या वेळात मी काय विसरले, कुठे रमले, याकडे कुणाचं ना कुणाचं लक्ष असायचंच. डबा राहिला तर काका सायकलवरून शाळेत आणून देत. उन्हाळ्यात वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारायचं काम माझं. बादली तशीच ठेवून मी गच्चीवर निघून गेले, तर चुलतबहीण मुकाट्यानं ते उरकायची. आजी एवढंच म्हणायची, "काहून वं पोरी, ध्यान कुठं असते तुयं?" त्यात राग नसायचा.

प्रगतिपुस्तकावर मात्र वर्षानुवर्षं एकच शेरा असे: 'हुशार आहे, पण लक्ष नसते.' मुलगा असते तर निदान वांड म्हणून नजरेत भरले असते. मी खिडकीबाहेर बघत गप्प बसणारी. माझा कुणालाच त्रास नव्हता.

चाळिशीनंतर एडीएचडीची, म्हणजे लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं जड जातं त्या स्थितीची, तपासणी झाली, तेव्हा डॉक्टरांनी नेमकी हीच प्रगतिपुस्तकं मागितली. २०१३ च्या 'डीएसएम-५' या अमेरिकन निदानपुस्तिकेनुसार मोठ्या माणसात लक्ष न लागणं किंवा अतिचंचलता यांपैकी एका गटातली पाच लक्षणं पुरतात, पण त्यातली काही वयाच्या बाराव्या वर्षाआधी दिसलेली हवीत. म्हणजे बालपण आठवल्याशिवाय हे निदानच होत नाही. आईनं ट्रंकेत जपलेली ती पुस्तकं वाचताना मला रडू आवरेना. धांदरट, आळशी, बेफिकीर असं जे मी माझा स्वभाव समजत आले, ती मेंदूची जडणघडण होती. काम सुरू करणं, वेळेचा अंदाज घेणं, हातातलं ध्यानात ठेवणं मला खरोखरच जड जात होतं.

तो काळ सोन्याचा होता असं मी म्हणणार नाही. तेव्हा इथलं मनोरुग्णालय म्हणजे 'पागलखाना', आणि मनाच्या तक्रारीसाठी डॉक्टर गाठणं ही घराण्याची नाचक्की. पण वाड्यानं मला सावरून धरलं होतं, हे खरं. आजी गेली, वाडा पडला, मिल २००२ मध्ये बंद होऊन तिथे मॉल आला. मग मी उघडी पडले. हरवलेली बिलं, अर्धवट कामं आणि नवऱ्याशी रोजचे खटके.

आता वर्धा रोडवरच्या फ्लॅटमध्ये फोनचे गजर आहेत, दाराशी फळा आहे, सकाळी मिथाइलफेनिडेटची गोळी आहे. आजीचं काम आता हे सगळं मिळून करतं. गोळीमुळे हातातलं काम संपवता येतं. हे वाड्याला कधीच जमलं नसतं.

एडीएचडी बरेचदा पिढीतून पिढीत उतरतो. तुमच्या घरात 'लक्ष नसते' असा शेरा आणणारी एखादी गप्प मुलगी असेल, तर तिला रागावण्याआधी तज्ज्ञांना दाखवा. शंका स्वतःबद्दलच असेल, तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.