अंजिरी पातळ

सहस्रचंद्रदर्शनाची पुस्तिका घेऊन एक गृहस्थ आले तेव्हा जूनचा दुसरा आठवडा होता आणि कार्यक्रम चार दिवसांवर होता. चोवीस पानं, पन्नास प्रती, जवळपास प्रत्येक पानावर फोटो. ऑफसेटवर असतो तर मी हे काम परत पाठवलं असतं. प्रत्येक रंगाची प्लेट वेगळी, आणि चारही रंग एकमेकांवर बसेपर्यंत शे-दीडशे कागद रद्दीत. पन्नास प्रतींसाठी एवढा खटाटोप कुणालाच परवडत नाही. म्हणूनच आमच्या धंद्यात घरगुती आठवणींची पुस्तकं कित्येक वर्षं झालीच नाहीत. लग्नपत्रिका व्हायच्या, कारण त्या पाचशे लागायच्या.

आता मी कलर लेझरवर छापतो. त्यात प्लेट नाही, ओली शाईही नाही. आहे ती पूड. अंधारात ड्रमवर विजेचा भार चढवायचा, लेझरने त्यावर चित्र लिहायचं, त्या अदृश्य चित्रावर टोनर ओढला जातो, तो कागदावर उतरतो आणि फ्यूझरच्या उष्णतेने वितळून चिकटतो. या सगळ्याचं मूळ 1938 सालचं आहे. चेस्टर कार्लसन एका कंपनीच्या पेटंट विभागात काम करायचा आणि नकला काढून कंटाळला होता. 22 ऑक्टोबरला न्यूयॉर्कमधल्या अॅस्टोरियात त्याने आणि त्याच्या मदतनिसाने गंधक लावलेला जस्ताचा पत्रा रुमालाने घासला, काचेवर लिहिलेली तारीख आणि गावाचं नाव त्यावर प्रकाशाने उमटवलं, वर पूड भुरभुरली आणि ती मेणकागदावर उचलली. पुढे 1969 च्या सुमारास झेरॉक्समधल्या गॅरी स्टार्कवेदरला वाटलं की कॉपी मशीनसारखा मूळ कागदावरून प्रकाश परतवण्याऐवजी लेझरनेच ड्रमवर लिहावं. वरिष्ठांना ते पटलं नाही. तो कॅलिफोर्नियातल्या संशोधन केंद्रात गेला आणि तिथे त्याने ते करून दाखवलं. माझं पोट या दोघांच्या हट्टावर चालतं, त्यामुळे त्यांची नावं मी विसरत नाही.

माझ्या पहिल्या रंगीत मशीनमध्ये एकाच ड्रमला एका पानासाठी चार फेऱ्या माराव्या लागत. काळं पान झरझर यायचं, रंगीत पानाला चौपट वेळ. आता चार रंगांचे चार ड्रम ओळीने बसवलेले असतात आणि खालून पट्टा एकदाच जातो, म्हणून रंगीत पानही काळ्याच्याच वेगाने पडतं. पण चार ड्रम म्हणजे चार स्वभाव. एखादा केसभर सरकला तरी अक्षराच्या कडेला गुलाबी सावली दिसते. मशीन मधूनमधून पट्ट्यावर स्वतःच खुणा छापतं, सेन्सरने त्या वाचतं आणि चूक सुधारतं. तरी सकाळी पहिला कागद भिंगाखाली धरल्याशिवाय मी काम सुरू करत नाही.

खरी कसोटी चेहऱ्याची. टोनरला फिकट होता येत नाही. एक तर तो पडतो किंवा पडत नाही. गालावरचा हलका गहू रंग हवा असेल तर बारीक ठिपके विरळ मांडायचे आणि बाकीचं काम कागदाच्या पांढऱ्यावर सोपवायचं. पूर्वीची पूड प्लास्टिक दळून केलेली, कण ओबडधोबड. ठिपक्याची कड विस्कटायची आणि गालावर रवा सांडल्यासारखं दिसायचं. आताची पूड रसायनात वाढवतात. कण पाच-सहा मायक्रॉनचा, गोलसर, सगळे जवळपास एका मापाचे. गालाला गाल म्हणावंसं वाटतं ते यामुळे. शिवाय कणातच मेण असतं, म्हणून फ्यूझरला तेल लागत नाही. जुन्या छपाईवर ते तेल राहायचं आणि लॅमिनेशन महिन्याभरात सुटायचं. त्यासाठी मी गिऱ्हाइकांची फार बोलणी खाल्ली आहेत. चार रंगांच्या ठिपक्यांच्या जाळ्याही वेगवेगळ्या कोनांत लावाव्या लागतात, नाहीतर मच्छरदाणीवर मच्छरदाणी धरल्यासारख्या लाटा उठतात.

आणि जून. पुण्यात पहिली सर आली की कागद ओल धरतो. ओलसर कागदावर भार टिकत नाही, टोनर पूर्ण उतरत नाही, गडद जागा चट्टेरी दिसतात. वर फ्यूझरमध्ये वाफ होऊन पान वाकतं. म्हणून पावसाळ्यात रिमचं वेष्टन मी छापायच्या क्षणापर्यंत फोडत नाही, आणि उरलेला कागद पुन्हा घट्ट गुंडाळतो. नव्या मुलांना मी मशीनआधी हे शिकवतो. मशीन दुरुस्त करायला माणूस येतो, कागद सांभाळायला कुणी येत नाही.

पुस्तिकेच्या एका डाव्या पानावर, जिचं सहस्रचंद्रदर्शन होतं त्या आजींच्या लग्नाचा फोटो होता. मुळात काळापांढरा, स्टुडिओतल्या चित्रकाराने वरून हाताने रंगवलेला. पातळ पोपटी, ओठ लाल. मी तो जसाच्या तसा उतरवला, पोपटीसाठी पिवळा थोडा चढवला आणि प्रूफ पाठवलं. दुसऱ्या दिवशी आजी स्वतः आल्या. मुलाचा हात धरून पायरी चढल्या, खुर्चीवर टेकल्या आणि म्हणाल्या, "अहो, माझं पातळ अंजिरी होतं. त्या फोटोवाल्याने विचारलंच नाही."

एकसष्ट वर्षं तो फोटो पोपटी पातळ नेसून भिंतीवर होता.

मूळ फोटोला हात लावायचा नाही, हे मी आधीच ठरवलं. तो डाव्या पानावर तसाच राहिला. उजव्या पानावर एक निबंध होता, तो मुलाने पुढे सरकवायला सांगितला. तिथे मी फोटो पुन्हा घेतला, वरचा रंग काढून काळापांढरा केला आणि पातळ नव्याने रंगवायला बसलो. अंजिरी हा या मशीनचा अवघड रंग. मजेंटा जास्त झाला की वांगी, काळा जास्त झाला की चॉकलेटी, सायन थोडा चढला की सरळ जांभळा. पहिला कागद काढला. आजींनी मान हलवली. मजेंटा उतरवला, पिवळा किंचित वाढवला, दुसरा कागद. त्यांनी तो दाराशी नेऊन उजेडात धरला आणि म्हणाल्या, "एवढं उजळ नव्हतं." प्लेटच्या काळात या दोन वाक्यांचे मला दोन दिवस आणि आठ प्लेटा पडल्या असत्या. इथे प्रत्येक कागदाला अर्धं मिनिटही लागत नव्हतं.

तिसऱ्या कागदावर त्यांनी बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

"हा," त्या म्हणाल्या. "पण काठ बारीक होता."

मी काठ बारीक केला.