सुताचे वजन

पुण्यातील एका दालनात मी पाऊण तास मल्लिकार्जुन मन्सूर ऐकत बसलो होतो. समोर दोन उंच स्पीकर होते. त्यांवर अक्रोडाच्या लाकडाचे पातळ आवरण होते आणि जोडीची किंमत दोन लाख चाळीस हजार. (परिभाषा कोशातील मराठी शब्द वापरायची इच्छा होती, पण तो उच्चारला असता तर विक्रेत्याने मला मायक्रोफोन दाखवला असता.) दोन तानांच्या मध्ये घेतलेला श्वास मला त्या दिवशी प्रथमच ऐकू आला. सातव्या वेतन आयोगाच्या थकबाकीचा हप्ता नुकताच जमा झालेला होता आणि मोह अनावर होता.

सोलापूरला परतल्यावर भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या सहकारी मित्राने कागद घेतला. दोन वूफर, दोन ट्वीटर, काही कॉइल, काही कपॅसिटर, एमडीएफचे पत्रे, वरचे आवरण. किरकोळ भावाने घेतले तरी सगळे चाळीस हजारांच्या आत बसत होते. "मग उरलेले दोन लाख कशाचे?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. एरवी आपणही असाच हिशेब करतो. मराठी पुस्तकाची किंमत फर्मे मोजून ठरते आणि साठ पानांचा कवितासंग्रह दीडशे रुपयांना दिसला की मराठीचा प्राध्यापकसुद्धा 'जरा महागच आहे' असे म्हणून तो परत ठेवतो. मीही ठेवला आहे.

माझे वडील जेकार्डचे पुठ्ठे पाडत. सोलापुरी चादरीवरचा मोर किंवा वेल मागावर आपोआप उमटत नाही. आधी चौकटीच्या कागदावर नक्षी काढायची, मग चौकटींचा तो हिशेब पुठ्ठ्यांवरच्या छिद्रांत उतरवायचा. छिद्र असेल तिथे धागा उचलला जातो, नसेल तिथे खालीच राहतो. फ्रान्समध्ये १८०४च्या सुमारास जोसेफ मारी जाकार याने रूढ केलेली ही युक्ती वडिलांनी पूर्व भागातील एका लहानशा खोलीत बसून आयुष्यभर वापरली. एक छिद्र चुकले तर ती चूक प्रत्येक चादरीत उतरे. व्यापारी मात्र चादर हातावर तोलून एवढेच विचारी, "सूत किती?" पुठ्ठ्याचे वजन चादरीत शून्य. पैसे एकदाच मिळत, आणि नक्षी चालली की आठवड्याभरात तिची नक्कल दुसऱ्या कारखान्यात विणली जाई.

मित्राचा हिशेब मी वडिलांना कौतुकाने ऐकवला. ते काटकसरी आहेत, त्यांना तो पटेल असे वाटले होते. त्यांनी चहाची बशी खाली ठेवली. "म्हणजे तो बी व्यापारीच की," एवढेच म्हणाले.

स्पीकरमध्ये सुताच्या जागी लाकूड, चुंबक आणि तांबे असते. पुठ्ठ्यांचे काम क्रॉसओव्हर करतो: कोणते स्वर वूफरकडे जातील, कोणते ट्वीटरकडे आणि दोहोंचा सांधा कुठे जुळेल, हे ठरवणारे छोटे मंडल. बीबीसीने १९७०च्या दशकात बाह्य प्रक्षेपणाच्या गाड्यांसाठी 'एलएस ३/५ए' नावाचा, जेमतेम फूटभर उंचीचा स्पीकर तयार केला. त्यातील वूफर आणि ट्वीटर केईएफ या कंपनीकडून घेतलेले होते. मोल होते ते पेटीच्या आणि क्रॉसओव्हरच्या अभ्यासाला. तो आराखडा परवान्यावर अनेक उत्पादकांनी बांधला. असा अभ्यास हजारो जोड्यांवर वाटला गेला तर अंगावर येत नाही. जोड्या मोजक्याच विकल्या जाणार असतील तर मात्र त्याचा भार प्रत्येक जोडीवर पडतो.

अर्थात हाच युक्तिवाद कंपन्याही सोयीने वापरतात. दोन लाखांत आयातदार, विक्रेता, कर, दालनाचे भाडे आणि ते अक्रोडही होतेच. १९९४ साली फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी श्रोत्यांना तेच स्पीकर एकदा पडद्याआड आणि एकदा डोळ्यांसमोर ऐकवले. डोळ्यांसमोर आल्यावर मोठ्या, भारी दिसणाऱ्या पेट्यांचे गुण वाढले आणि लहानशा स्वस्त संचाचे घसरले. मला तर विक्रेत्याने किंमत आधीच सांगितली होती. तो श्वास मन्सूरांचा होता की अक्रोडाचा, हे आज मी शपथेवर सांगू शकणार नाही.

शेवटी मित्राने आणि मी जोडी घरीच बांधली. सुताराने पेट्या तीन आठवड्यांत दिल्या, क्रॉसओव्हरला मात्र आठ महिने लागले. कसोटीला आम्ही नुसता तंबोरा लावत असू. भोपळा आमच्याच पंढरपूरकडचा, तंबोरा मिरजेचा, आणि त्याचा सारा जीव जवारीत. घोडीवर कानसीचा हात आणि तारेखाली दोऱ्याचा तुकडा, म्हणजे सामानाचा खर्च जवळजवळ नाहीच. पहिल्या खेपेला जवारी मेल्यासारखी वाजली. मित्र रात्र रात्र मोजमापे घेई, एक कपॅसिटर बदली, पुन्हा ऐके. एकूण खर्च सेहेचाळीस हजार आला. आपले आठ महिने त्याने धरले नाहीत, आणि मीही आठवण करून दिली नाही.

वडिलांना आता वरचे स्वर ऐकू येत नाहीत, ट्वीटर त्यांच्यासाठी असून नसल्यासारखाच. ते थोडा वेळ बसले, पेटीच्या सांध्यावरून बोट फिरवले आणि विचारले, "नक्षी कुणी काढली याची?"

मी मित्राचे नाव सांगितले.

"त्याला काय दिलास?"

जेवायला बोलावले होते, असे मी म्हणालो.