दमट हवेतले मसाला-मीठ

मीठ आणि कोरडे मसाले एकत्र कुटून खाताना वरून भुरभुरवण्यासाठी जे तयार करतात, ते मसाला-मीठ. त्याचे सर्वांत साधे रूप प्रत्येक मराठी माणसाने लहानपणी चाखलेले असते. शाळेबाहेरच्या गाडीवर कैरीच्या फोडीला किंवा उभ्या चिरलेल्या पेरूला लावून मिळणारे तिखट-मीठ ते हेच. चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर चिरलेल्या कैरीवर मीठ-तिखट टाकून देतात, तेव्हा तिथे आलेल्या मराठी पाहुण्याला ती चव ओळखीची वाटते. तमिळमध्ये मीठ म्हणजे उप्पु आणि मिरची म्हणजे मिळगाय. शब्द वेगळे असले तरी पदार्थ एकच आहे.

हे मिश्रण नवे नाही. आयुर्वेदातील लवणभास्कर चूर्ण हे अनेक लवणे, जिरे, धने, मिरी, पिंपळी, सुंठ, दालचिनी आणि डाळिंबाचे दाणे यांचे मिश्रण असून त्याचा पाठ शार्ङ्गधर संहितेत आहे. हिंग्वाष्टक चूर्णात हिंग, सुंठ, मिरी, पिंपळी, ओवा, दोन प्रकारचे जिरे आणि सैंधव अशी आठ द्रव्ये येतात, आणि ते जेवताना तुपाबरोबर पहिल्या घासाला घेतात. औषध म्हणून सांगितलेली ही चूर्णे चवीच्या दृष्टीने उत्तम मसाला-मिठेच आहेत. घरी मिश्रण जुळवताना खारट, तिखट, आंबट आणि सुगंधी यांचा मेळ कसा साधावा, हे त्यांच्या घटकांवरून शिकता येते.

आटपाडी-खानापूरच्या कोरड्या भागातून सोने-चांदी गाळण्याच्या व्यवसायासाठी चेन्नईच्या सौकारपेठेत आलेल्या घरांना एक अनुभव हमखास येतो. गावाकडे वर्षभर मोकळे राहणारे तिखट-मीठ इथे आठवड्याभरात डब्यात चिकटून बसते. कृती तीच असते, हातही तोच असतो. बदललेली असते ती हवा. शुद्ध मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड, हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की बाष्प ओढून स्वतःच विरघळू लागते. चेन्नईत पहाटेची आर्द्रता ही मर्यादा वारंवार ओलांडते. मिठात मॅग्नेशियम क्लोराइड उरले असेल तर परिस्थिती आणखी बिकट होते, कारण तो क्षार सुमारे ३३ टक्के आर्द्रतेलाच पाणी धरतो. समुद्राचे पाणी आटवताना मीठ आधी खाली बसते आणि मॅग्नेशियमचे क्षार उरलेल्या कडवट पाण्यात राहतात. ते पाणी नीट निथळले नाही, तर खडे बाराही महिने ओलसर राहतात. चेन्नईच्या दक्षिणेला केळंबाक्कम, कोवळम आणि पुढे मरक्काणम इथे मिठागरे आहेत, तर तमिळनाडूतील मिठाचे सर्वांत मोठे केंद्र तूत्तुक्कुडी आहे. मीठ कोणत्याही आगरातले असो, घरी आणल्यावर त्याची धुवण आणि वाळवण किती झाली आहे, हेच पाहायचे असते. चिमूटभर खडे कागदावर रात्रभर ठेवावेत. सकाळी कागदावर ओला डाग उमटला, तर ते मीठ मसाला-मिठासाठी घेऊ नये.

चेन्नईच्या दुकानांत मीठ मुख्यतः तीन रूपांत मिळते. खडेमिठाला तिथे ‘कल् उप्पु’ म्हणतात, बारीक मीठ म्हणजे ‘तूळ उप्पु’ आणि शेंदेलोण म्हणजे ‘इंदुप्पु’. बारीक मिठात गुठळ्या होऊ नयेत म्हणून थोडे पूरक द्रव्य घातलेले असते, त्यामुळे नवख्याने त्यापासून सुरुवात करावी. खडेमिठाचा फायदा वेगळा आहे. त्याच्या टोकदार कडा कढीपत्त्यासारखी चिवट पाने दळताना घासणीचे काम करतात. शेंदेलोणात सोडियम कमी असते, हा समज चुकीचा आहे. तेही जवळजवळ सगळे सोडियम क्लोराइडच असते. पादेलोण थोडेच घालावे. त्याचा उग्र वास गंधकाच्या संयुगांचा असतो आणि तो कढीपत्त्याला झाकून टाकतो.

दक्षिणी चवीच्या मसाला-मिठासाठी एक भरवशाचे प्रमाण असे: मीठ १०० ग्रॅम, सुक्या लाल मिरच्या २५ ग्रॅम, जिरे १५ ग्रॅम, काळी मिरी १० ग्रॅम, वाळवलेला कढीपत्ता ८ ग्रॅम, हिंग २ ग्रॅम आणि आमचूर २० ग्रॅम. मिरची शक्यतो रामनाथपुरम भागातील गुंडू घ्यावी. या बोरासारख्या गोल, जाड सालीच्या मिरचीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. ती भाजल्यावर खमंग वास देते. ती नसेल तर अर्धी ब्याडगी आणि अर्धी लवंगी चालते.

खरी मेहनत वाळवण्याची आहे. कढीपत्त्याच्या ताज्या पानांत वजनाच्या निम्म्याहून बरेच जास्त पाणी असते. ८ ग्रॅम सुकी पाने हवी असतील तर साधारण २५ ग्रॅम ताजी घ्यावी लागतात. उन्हात ती काळपट पडतात, म्हणून पंख्याखाली सावलीत दोन-तीन दिवस पसरावीत. चेन्नईच्या हवेत ती एवढ्याने पुरती वाळत नाहीत. शेवटी कोरड्या कढईत अगदी मंद आचेवर परतून, चुरगळली की मोडतील अशी कुरकुरीत करावी लागतात. जिरे, मिरी आणि मिरच्या वेगवेगळ्या भाजाव्यात, कारण जिरे करपायला लागते तेव्हा मिरी नुकती तापलेली असते. हिंग खड्याचा असेल तर त्याचे बारीक तुकडे तेलाशिवाय भाजावेत. वरण-सांबारासाठी तो तेलात फुलवतात, पण मसाला-मिठात आलेला तेलाचा थेंब गुठळ्या करतो आणि पुढे खवट होतो. डबीतल्या हिंगात पीठ मिसळलेले असते, म्हणून तोही क्षणभर शेकून घ्यावा.

मीठ भाजावे की नाही, यावर घराघरांत मतभेद आहेत. ओल घालवण्यासाठी ते शेकणे आवश्यक आहे. आयोडीनयुक्त मीठ मात्र फार वेळ तापवले की त्यातील आयोडीन घटत जाते, आणि ग्राहकाच्या हाती पडताना मिठात किमान १५ दशलक्षांश आयोडीन असावे हा नियम आहे. म्हणून पाच मिनिटे मंद आचेवर, मीठ हाताला सुटे लागेपर्यंतच शेकणे योग्य. रोजच्या स्वयंपाकाचे मीठ न तापवता वापरावे, म्हणजे आयोडीनची चिंता राहत नाही.

सगळे जिन्नस पूर्ण थंड झाल्याशिवाय मिक्सीला हात लावू नये. कोमट मसाल्याची वाफ झाकणाखाली जमते आणि दोन दिवसांची वाळवण दोन मिनिटांत वाया जाते. आधी निम्मे मीठ, कढीपत्ता आणि मिरच्या, मग जिरे, मिरी आणि हिंग, अशा क्रमाने थांबून थांबून फिरवावे. सलग फिरवले तर भांडे तापते आणि जिऱ्याचा वास उडतो. मग चाळून उरलेले मीठ त्याच जाडीचे करून मिसळावे. ही शेवटची पायरी बहुतेक जण गाळतात. जाडे आणि बारीक कण एकत्र ठेवले की बरणी हलेल तसे बारीक कण फटींतून खाली उतरतात आणि जाडे वर येतात. मग पहिल्या आठवड्यात कैरी नुसती खारट लागते आणि तळाशी फक्त तिखट उरते. कण एका जाडीचे असले की शेवटच्या चमच्यापर्यंत चव बदलत नाही.

आमचूर यात दळू नये. त्यातील आम्ल आणि साखर मिठाइतकीच पाण्याची लोभी असतात. ते वेगळ्या बाटलीत ठेवून पंधरा दिवसांना पुरेल एवढ्याच मसाला-मिठात मिसळावे. लिंबूसत्त्व घालण्याचा मोह तर टाळावाच.

दमट हवेशी झगडण्याचा दुसरा मार्गही आहे आणि तो तमिळ स्वयंपाकघराने फार सुंदर वापरला आहे. त्याचे नाव वेप्पिलैकट्टी. शब्दशः अर्थ कडुनिंबाच्या पानांचा गोळा, पण त्यात कडुनिंब नसतो. नार्त्तंगाय या आंबट, जाड सालीच्या फळाची आणि लिंबाची कोवळी पाने घेऊन त्यांच्या शिरा काढतात. त्यात सुक्या मिरच्या, ओवा, हिंग, थोडी चिंच आणि मीठ घालून पाणी न वापरता वाटतात आणि लिंबाएवढे गोळे वळतात. दहीभाताबरोबर चिमटीएवढा तुकडा पुरतो. इथे ओल बाहेर काढण्याऐवजी ती खारवून टाकली जाते. मीठ पानांतला रस ओढून घेते आणि त्याचे खारे पाणी बनवते, ज्यात अन्न नासवणारे बहुतेक जीवाणू वाढू शकत नाहीत. १०० ग्रॅम पाण्यात सुमारे ३६ ग्रॅम मीठ विरघळते. पानांत ६५ टक्के पाणी धरले, तर १०० ग्रॅम पानांचा रस पुरता खारवायला २३ ग्रॅम मीठ लागेल. चवीसाठी घरी यापेक्षा कमी घालतात, म्हणून गोळे सावलीत आणखी सुकवणे गरजेचे असते. सांगली-कोल्हापूरकडे मिरचीत कांदा, लसूण आणि मीठ एकत्र कुटून केलेली चटणी टिकते, त्यातही मिठाचा वाटा हाच असतो. दही-मिठात मुरवून वाळवलेली सांडगी मिरची आणि चेन्नईची मोर मिळगाय या तर सख्ख्या बहिणी.

यातून एक कसोटी हाती येते. मिश्रण एकतर पूर्ण कोरडे असावे, नाहीतर पुरेसे खारट. अर्धवट ओल्या आणि अर्धवट खारट मिश्रणाला चेन्नईत बुरशी येते. ताजी कोथिंबीर किंवा लिंबाची ताजी साल मिठात कुटून बाटलीत भरण्याची हौस करणाऱ्यांची गाडी इथेच अडते. तसे मीठ फ्रीजमध्ये ठेवून चार-पाच दिवसांत संपवावे.

साठवणीला तोंड अरुंद आणि झाकण घट्ट अशी काचेची बाटली उत्तम. चिनी मातीची बरणी, जिला तिथे जाडी म्हणतात, खडेमिठासाठी चांगली, पण तिचे झाकण सैल असते. जेवणाच्या टेबलावरच्या डबीत भाजलेल्या तांदळाचे दहा-बारा दाणे टाकावेत. ते थोडी ओल शोषतात आणि डबी हलवताना गुठळ्या फोडतात. चमचा नेहमी कोरडा असावा आणि वाफाळत्या पातेल्यावर बाटली कधीही उघडी धरू नये.

काकडी, उकडलेले शेंगदाणे, सुंडल (कडधान्याची सुकी उसळ), ताक, कलिंगड, आम्लेट अशा कशावरही हे मीठ चालते. वर दिलेल्या प्रमाणात मिठाचा वाटा वजनाने ५५ टक्के येतो. म्हणजे ५ ग्रॅमच्या सपाट चमच्यात पावणेतीन ग्रॅम मीठ जाते. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसासाठी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगितले आहे. मसाल्यांमुळे चव भरून येते, म्हणून ज्या पदार्थावर हे घालायचे त्यात आधी मीठ कमी करावे. रक्तदाबासाठी पोटॅशियमयुक्त मीठ वापरण्याचा विचार असेल, तर मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

चेन्नईत मसाला-मीठ करण्याचा खरा काळ मे महिन्यातल्या कडक उन्हाचा, ज्याला तिथे ‘कत्तिरी’ म्हणतात आणि जेव्हा गच्च्यांवर वडाम (कुरडया-सांडगे) आणि वत्तल (वाळवणाच्या भाज्या) वाळत असतात. दिवाळी तिथे ईशान्य मोसमी पावसात येते. त्या दिवसांत कोणाला करून पाहावेसे वाटले, तर वरच्या प्रमाणाचा चौथा हिस्साच करावा आणि महिन्याभरात संपवावा.