अम्मीच्या खोलीतली थंडी

जानेवारीत बदलापूर स्टेशनवर उतरून चामटोलीला भाईजानकडे गेले. मुंबईत पंखा चालू होता. इथे फजरला उठले तर फरशीवर पाय ठेववत नव्हता. अम्मीच्या खोलीत भाईजानने रात्री कोळशाची शेगडी ठेवून दार लावले होते. मी ती ताबडतोब अंगणात काढली. नियत चांगली, पण रीत जिवावर बेतणारी. बंद खोलीत निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला ना वास, ना रंग. झोपलेल्याला कळतही नाही.

दुपारी आम्ही दोघे हीटर घ्यायला गेलो. पंख्याचा हीटर स्वस्त, पण बंद करताच ऊब जाते. लाल कांडीचा फक्त समोरच्यालाच शेकतो, शिवाय रजई पेटायची भीती. शेवटी तेल भरलेला घेतला. तापायला वेळ लागतो, पण ऊब टिकते. हजार वॅटवर तासाला एक युनिट जळते. एक्स्टेंशन बोर्ड न वापरता 16 अँपिअरच्या सॉकेटला जोडला, पलंगापासून तीन फूट दूर. फजरच्या अर्धा तास आधी लावायचा, नमाज झाली की बंद.

दुसऱ्या पहाटे वुजू करून आलेल्या अम्मीचे हात थरथरत नव्हते. भाईजानने शेगडी स्वतःच माळ्यावर टाकली.