पंधरा किलोचा कारभारी

बोईसरजवळच्या नवापुरातल्या माझ्या मावशीच्या घरात खर्चाचा विषय निघाला की सगळ्यांच्या नजरा स्वयंपाकघराच्या कोपऱ्याकडे वळतात. तिथे दोन विटांवर फळी आणि फळीवर तो. भिंतीपासून वीतभर अलग, कारण भिंत ओल धरते. जमिनीपासून वर, कारण जमीन त्याहून ओली. घरात कुणाची बसायची जागा इतकी विचार करून ठरवलेली नाही. काका मिळेल त्या खुर्चीत बसतात, पोरं दारात बसतात, मावशी बहुधा बसतच नाही. सुक्या मासळीचा डबा मात्र गेली तीसेक वर्षं आपल्या गादीवर आहे.

जन्माने तो तेलाचा. मावशीच्या लग्नात 15 किलो शेंगदाणा तेल घेऊन आला. वऱ्हाड जेवून गेलं, तेल संपलं, हा राहिला. पत्र्याचं काम करणाऱ्याने त्याचं तोंड गोल कापलं, कडा दुमडल्या आणि वर कडीचं झाकण बसवलं. खारी हवा इथल्या खिडकीचे गज खाते, सायकली खाते, देवघरातली घंटासुद्धा हिरवी करते. पण डब्याला तिने अजून भोक पाडलेलं नाही. त्याचं कारण होडी. दरवर्षी होडी रंगवून झाली की ब्रशाला उरलेला रंग मावशी डब्याला लावते. होडी निळी असली त्या वर्षी हा निळा, हिरवी असली त्या वर्षी हिरवा. कडेला कुठे टवका उडाला की आतून मागच्या सात-आठ मोसमांचे रंग एकाखाली एक दिसतात. त्याच्या अंगावर नवा म्हणून विकत आणलेला एक थेंबही नाही.

स्वभाव तापट. ओला हात अजिबात खपवून घेत नाही. आत ओल गेली की दोन दिवसांत वास बदलतो, आठवड्यात बुरशी आणि मग वर्षाची बेगमी उकिरड्यावर. म्हणून तो उघडायचा अधिकार एकट्या मावशीचा आणि तोही हात पदराला कोरडे पुसून. सुनेला हा अधिकार मिळायला पाच वर्षं लागली; कपाटाच्या किल्ल्या तिला पहिल्या वर्षीच मिळाल्या होत्या. शत्रू दोन, मांजर आणि किडा. मांजरासाठी झाकणावर पाटा. किड्यासाठी ऊन. पावसात चुकूनमाकून कडक ऊन पडलं की घरातले कपडे नंतर, आधी डब्याला ऊन दाखवायचं. अंगणात चादर, चादरीवर त्याची सगळी इस्टेट आणि शेजारी काठी घेऊन नातू. त्या दिवशी नातवाची शाळा बुडाली तरी मावशी मास्तरांना घाबरत नाही.

ही इस्टेट जमते थंडीत. दिवाळीनंतर या किनाऱ्यावर डोल जाळ्यात बोंबील येऊ लागतो, उधाणाच्या भरतीला तर ढिगाने येतो. ओला बोंबील म्हणजे शेकडा 85 ते 90 भाग पाणी. तो टिकत नाही, दूर जात नाही आणि सगळ्यांच्या जाळ्यात एकदमच आल्यामुळे त्या दिवशी त्याला भावही नसतो. इथेच काटकसरीची पहिली अक्कल लागते. भाव नसलेल्या दिवशी विकायचं नाही, वाळवायचं. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि ती जोडी बांबूच्या वलांडीवर टांगायची. मीठ नाही, मसाला नाही. ऊन आणि वारा दोन्ही फुकट. दोन-तीन दिवस चांगलं ऊन मिळालं की सहा-सात किलोंचा किलोभर उरतो. पाणी गेलं, सत्त्व राहिलं. शंभर ग्रॅम सुक्या बोंबलात साठेक ग्रॅम प्रथिनं असतात, हे मावशीला कुणी सांगितलेलं नाही. पावसाळ्यात पोरं उभी राहिली पाहिजेत, एवढं तिला ठाऊक आहे.

पापलेट या डब्यात कधी आलं नाही. 2023 साली सरकारने त्याला महाराष्ट्राचा राज्यमासा केलं, त्याआधीही ते या घरात पाहुण्यासारखंच वागत होतं: होडीतून उतरायचं, बर्फात बसायचं, व्यापाऱ्याकडे निघून जायचं. महागाचं विकायचं आणि स्वस्ताचं साठवायचं, हा घरचा कायदा. पापलेटाच्या पैशात डिझेल, बर्फ आणि जाळ्याचं देणं. डब्यात बोंबील, जवळा, करंदी, वाकट्या, मांदेली. तळाशी एका बरणीत मूठभर सोडे. ते डब्याचे दागिने, सणाशिवाय बाहेर निघत नाहीत.

डब्याचा खरा कारभार सुरू होतो 1 जूनला. त्या दिवसापासून 31 जुलैपर्यंत, 61 दिवस, यांत्रिक होड्यांना समुद्र बंद. मासळीच्या विणीचा काळ असतो, समुद्रही खवळलेला असतो. बंदी हवीच, याबद्दल काकांची तक्रार नाही. तक्रार आहे ती त्याच महिन्यात येणाऱ्या बाकीच्या गोष्टींबद्दल. जूनच्या मध्याला शाळा उघडतात: वह्या, गणवेश, दप्तर, छत्र्या. घरावर प्लास्टिक घालायचं असतं. होडी वर ओढलेली असते तेव्हाच तिची डागडुजी करायची, इंजिन खोलायचं, जाळी विणायची. आवक शून्य आणि खर्च वर्षातला सगळ्यात मोठा. अशा वेळी व्यापारी दारात येतो आणि गोड आवाजात अंगावर पैसे देऊ करतो. पुढच्या मोसमाची मासळी मग त्याच्याच भावाने त्याला द्यायची. मावशीच्या भाषेत, ‘आज घेतलेले हजार दिवाळीला आपल्यालाच गिळतात.’

त्यावर तिचा उपाय म्हणजे पुडक्या. मेच्या शेवटी ती डबा रिकामा करते, सगळं अंगणात मांडते आणि वर्तमानपत्रात नऊ पुडक्या बांधते. 61 दिवसांचे नऊ आठवडे, आठवड्याला एक पुडकी. दहावी पाहुण्यांची. प्रत्येक पुडकीत थोडे बोंबील, थोडा जवळा, एखादी वाकटी. सोमवारी सकाळी नवी पुडकी सुटते. रविवारी रात्री जुनीत काही उरलं असेल तर ते पुढच्या आठवड्याचं नसतं, तळाच्या बरणीत जातं. कधी पाहुणा येतो, कधी पोराला ताप येऊन काही तिखट खावंसं वाटतं आणि आठवडा पुरत नाही. मग पुढच्या पुडकीतून उसनं घ्यायची परवानगी आहे, पण सुतळीला गाठ मारून. त्या आठवड्यात गाठीएवढं कमी खायचं. सातव्या-आठव्या पुडकीच्या सुतळीला दोन गाठी दिसल्या की घरात कुणाला काही समजावून सांगावं लागत नाही. लहान नातूसुद्धा पानातला बोंबील दोन घासांऐवजी चार घासांना पुरवतो.

मी मावशीला एकदा विचारलं, हे सगळं वहीत का नाही लिहीत? ती म्हणाली, ‘वहीतला आकडा फुगवता येतो रे बाबा. डब्यात बघितलं की जेवढं हाय तेवढंच दिसतं.’ पैशाची हीच खोड तिला माहीत आहे. पैसा उसना मिळतो, हप्त्याने मिळतो, फोनवर बोट ठेवलं की जातो आणि गेलेला दिसत नाही. डब्याची पातळी खाली जाते ती रोज डोळ्यांसमोर.

आणि तरी हा कारभारी कंजूष नाही. त्याची कला आहे ती थोडक्यात पुष्कळ करण्याची. चार बोंबील तुकडे करून जरा भाजले आणि वांगी-बटाट्यात चिंच घालून सोडले की सहा माणसांचं कालवण होतं. माणसं भाजीच खातात, पण जेवतात मासळी. मूठभर जवळा कांद्यावर परतला की तांदळाच्या भाकरीला दुसरं काही लागत नाही. जूनमधल्या शेवटच्या कैऱ्या सुकटीत जातात, घोसाळी आली की करंदी बाहेर येते, अळूच्या फदफद्यातसुद्धा तो आपला शब्द टाकतो. तांदूळ रेशनचा, माणशी महिन्याला मिळणाऱ्या 5 किलो धान्यातला, 2023 च्या जानेवारीपासून तोही मोफत. तांदूळ सरकारचा, भाजी परसातली, चव डब्याची: पावसाळ्यातल्या जेवणाचा एवढाच हिशेब.

डब्याची परीक्षा पाहणारे दिवसही ठरलेले. गटारीला घरातले पुरुष त्याच्याभोवती घुटमळू लागतात. पुढे श्रावण, तेव्हा आज होऊन जाऊ दे, असा त्यांचा युक्तिवाद. मावशी पाटा उचलते, एक पुडकी काढते, पाटा परत ठेवते. युक्तिवाद तिथेच संपतो. मुंबईला निघालेल्या भाचीला मात्र तो कधी नाही म्हणत नाही. दहावी पुडकी तिच्यासाठीच असते. प्लास्टिकच्या चार पिशव्या आणि वर जुनी साडी गुंडाळून ती पुडकी डहाणू-विरार लोकलमध्ये चढते, तरी बोईसर सुटायच्या आत लोकलचा अर्धा डबा नाक मुरडतो आणि उरलेला अर्धा विचारतो, ‘कुठून आणलात?’

त्याचं सगळ्यात वाईट वर्ष 2021. मे महिन्याच्या मध्यात तौक्ते वादळ किनाऱ्यावरून गेलं, तेव्हा वलांडीवर शेवटची मासळी वाळत होती. भिजली ती भिजलीच. त्या वर्षी पुडक्या झाल्या सहा. काटकसर म्हणजे काय हे त्या पावसात घरातल्या सगळ्यांना नीट समजलं: नवव्या आठवड्यापर्यंत पुरवायचं म्हणजे पहिल्या आठवड्यापासूनच कमी घ्यायचं. शेवटी गाठी मारून काही होत नाही.

पण वादळ एका वर्षाचं असतं. डब्याला खरा घोर लागला आहे तो वेगळ्याच गोष्टीचा. नवापूरच्या एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला, बोईसरला, तारापूर एमआयडीसी. त्या कारखान्यांचं सांडपाणी नवापूरच्याच किनाऱ्यावरून समुद्रात सोडलं जातं. मासळी मेलेली वाहून आली, पाण्याला रंग आला, जाळ्यांना वास आला, या तक्रारी इथल्या गावांनी वर्षानुवर्षं केल्या. मासेमारांच्या अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने 2016 साली राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली. प्रदूषणाची भरपाई उद्योगांकडून वसूल करण्याचा आदेश आला 2022 मध्ये. मधल्या काळात काका किनाऱ्याजवळचं पाणी सोडून आणखी आत जायला लागले. आत जायचं म्हणजे डिझेल जास्त आणि डिझेल जास्त म्हणजे पापलेटाचे पैसे आधीच संपलेले. मग भाव नसलेल्या दिवशीही बोंबील विकावा लागतो, कारण आजचं डिझेल आज द्यायचं असतं. वाळवायला उरतं ते कमी. डब्याची शिस्त आहे तीच आहे. त्यात पडणारं घटलं आहे.

मावशीचा मोठा मुलगा होडीवर जात नाही. त्याच एमआयडीसीत तो पाळीने कामाला जातो. महिन्याच्या दहा तारखेच्या आत पगार, जूनमध्येही. घरात पहिल्यांदा पावसाळ्यात पैसा येऊ लागला आणि शाळेच्या वह्यांसाठी व्यापाऱ्यासमोर हात पसरायची वेळ गेली, हेही खरं. त्याच पगारातून गेल्या काही वर्षांपासून मे महिन्यात बोईसरच्या बाजारातून सुका बोंबील विकत येतो. बहुतेक जाफराबादचा, सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर वाळवलेला. नवापूरच्या डब्यात गुजरातचा बोंबील. मावसभाऊ त्याची पावती मोबाइलमधल्या हिशेबात टाकतो, ‘किराणा’ या सदराखाली. मावशीला ते सदर ऐकून जितका राग आला तितका वादळातही आला नव्हता. तिच्या मते किराणा म्हणजे तेल, साखर, साबण. मासळी ही कमाई. आता कारखाना समुद्रातली मासळी कमी करतो आणि कारखान्याचाच पगार ती तूट भरून काढतो, हा व्यवहार कुठल्या सदरात लिहायचा, हे तिच्या मुलालाही सांगता येत नाही.

काटकसरीच्या गोष्टी सांगताना आपण नेहमी जाणाऱ्या पैशाचं बोलतो. किती कमी खाल्लं, किती पुरवलं, गाठ कुठे मारली. या डब्याने ते सगळं तीस वर्षं चोख केलं आणि पुढेही करील. पण आत काय पडेल ते त्याच्या हातात नाही, मावशीच्याही नाही. मोजून खाणाऱ्या घराला वरून आणखी मोजून खा म्हणणं सोपं आहे. पाण्याचा हिशेब ज्यांनी द्यायचा, त्यांच्या दारात विटांवर ठेवलेला असा एखादा डबा नाही, जो उघडला की जेवढं आहे तेवढंच दिसेल.

यंदाही मेच्या शेवटी चादर पसरली होती. विकतचे बोंबील एका बाजूला, काकांनी आणलेले दुसऱ्या बाजूला. सुनेने दोन्ही मिसळून पुडक्या बांधायला घेतल्या, तर मावशीने हात धरला. विकतचा बोंबील दोन बोटांत मोडून बघितला. तो मोडला नाही, वाकला. वजन भरावं म्हणून व्यापाऱ्याने पुरता वाळवला नव्हता. ‘हा आधी खायचा,’ ती म्हणाली. ‘जुलैपर्यंत टिकणार नाय. आपला मागे ठेव.’ पहिल्या पाच पुडक्या जाफराबादच्या झाल्या, पुढच्या चार नवापूरच्या आणि पाहुण्यांची दहावी, न विचारता, नवापूरची.