आशाताईंच्या तालुकाध्यक्षांना अनावृत पत्र

प्रिय ताई,


नांदगाव खंडेश्वर तालुक्यातल्या आशा आणि गटप्रवर्तकांच्या संघटनेची धुरा तुमच्याकडे आहे. हे पत्र उघडपणे लिहितो आहे, कारण यातलं मागणं तुमच्याकडे आहे तसंच आम्हा गावकऱ्यांकडेही आहे.

संघटना म्हटलं की लोकांना मोर्चा आठवतो. मोर्चा लागतोच. २००५ साली ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं तेव्हा सरकारनं तुम्हाला स्वयंसेविका म्हटलं आणि पगाराऐवजी कामागणिक मोबदला ठरवला. २०१३ च्या भारतीय श्रम परिषदेनं योजनांवर राबणाऱ्यांना कामगार माना, किमान वेतन द्या, अशी शिफारस केली. ती अजून कागदावरच आहे. २०२३ च्या ऑक्टोबरात संप, २०२४ च्या जानेवारीत पुन्हा संप, मुंबईत आझाद मैदानावर धरणं, आणि मग मार्चमध्ये राज्याकडून आशांना महिन्याला ५००० रुपयांची वाढ. एकजूट नसती तर यातला एक रुपयाही पदरात पडला नसता.

माझं म्हणणं याच्या पुढचं आहे. आशाताई ही गावाच्या आरोग्याची जाणकार आहे. तिच्या संघटनेनं जाणकारांची संघटना म्हणूनही बोलावं.

बाळंतीण दवाखान्यातून घरी आली की तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी तुमची ताई त्या घरी जाते. आधी हात धुते, मग झोळीच्या काट्यावर लेकराचं वजन करते, काखेत थर्मामीटर लावते, घड्याळ समोर धरून मिनिटभर श्वास मोजते. साठ किंवा जास्त भरले तर पुन्हा मोजते, आणि तरीही तेवढेच आले तर घरच्यांना दवाखान्याची वाट धरायला लावते. ही पद्धत आपल्याच विदर्भात घडली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी खेड्यातल्या बायांना शिकवून नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून अधिक घटवले. १९९९ साली ‘लॅन्सेट’नं ते छापलं आणि पुढे देशभरच्या आशांच्या कामात ही पद्धत आली. जगाला ते पटलं, कारण गावपातळीवर घरोघरच्या नोंदी नीट ठेवल्या गेल्या होत्या.

तुमच्या ताईंच्या वह्यांतही असाच ऐवज आहे. तो आकड्यांचा तक्ता होऊन वर जातो. त्यामागची हकीकत गावातच राहते. फवारणीचंच पाहा. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. आपल्याकडेही तीच पऱ्हाटी, तेच सोयाबीन, पाठीवर तोच पंप. वावरातून आलेल्या माणसाचे डोळे चुरचुरतात, मळमळतं, हे आधी घरच्या बाईला कळतं आणि ती सांगते आशाताईला. पापळ, मंगरूळ चव्हाळा, धानोरा गुरव इथल्या ताईंनी एकाच आठवड्यात हेच ऐकलं असेल, तर ते एका जागी बसून बोलायला हवं. ती जागा तुमची बैठक आहे.

म्हणून एक सुचवतो. दर महिन्याच्या बैठकीतला पहिला अर्धा तास गावांना द्या. कोणता आजार वाढला, कोणती गोळी संपली, कुणाचा वजनकाटा बिघडला, कुण्या गरोदर बाईला वेळेवर गाडी मिळाली नाही, एवढंच प्रत्येकीनं सांगावं. रुग्णाचं नाव नको. त्याचा एक कागद करून तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना द्या आणि पोच घ्या. मागण्यांचं निवेदन वेगळं, हा कागद वेगळा. आज नाही तर उद्या मोबदल्याच्या बोलणीत हाच कागद तुमच्या बाजूनं उभा राहील.

बोलायला दर वेळी त्याच दोघी-तिघी उठू नयेत, नव्या ताईला आवर्जून उभं करा. गटप्रवर्तक बैठकीत तपासणीला आलेल्या नसून सोबतीण आहेत, हे दोन्ही बाजूंना जाणवू द्या. संघटनांचे झेंडे वेगळे असले तरी ताप आणि जुलाब सगळ्या गावांत सारखेच असतात. आणि आत्तापासूनच एक-दोघींना तयार करा, म्हणजे उद्या तुम्ही पद सोडलं तरी हे काम थांबणार नाही.

डॉ. पंजाबराव देशमुख याच तालुक्यातल्या पापळचे. केंद्रात कृषिमंत्री असतानाही शेतकऱ्यांची स्वतःची संघटना लागतेच हे त्यांनी ओळखलं आणि १९५५ साली भारत कृषक समाज उभा केला. त्यांच्या मातीत तुम्ही अध्यक्ष आहात, ताई. हे पद मोठं आहे.

यंदाची फवारणी सुरू व्हायच्या आत पहिला कागद जाऊ द्या. त्याची एक प्रत ग्रामपंचायतीलाही द्या. ग्रामसभेत तो वाचून घेण्याची आणि त्यावर ठराव करून घेण्याची जबाबदारी आम्हा गावकऱ्यांची.

आपला,
तालुक्यातला एक गावकरी